सात सीलं शाबूत होती

इंदोरा, नागपूर
१८ नोव्हेंबर १९७३

चि. रुपा,

जयभीम. तुझा पत्ता बळीरामनं दिला, त्याच्यावर चिडू नकोस. जरीपटक्याच्या दुकानात तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचा तोच बळीराम. दुर्गला सासुरवाडीला गेला होता, तेव्हा स्टेशनासमोरच्या रेडिओच्या दुकानात तू खाली मान घालून काम करताना त्याला दिसलास. हाक मारणार होता, पण मारली नाही म्हणाला. का नाही मारलीस विचारलं, तर म्हणे तुमची खुशाली सांगावी लागली असती.

तेरा महिन्यांनी लिहितो आहे. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बसून मी दिवसाला दहा अर्ज लिहितो. वारसाचे, भाडेकरूचे, नवऱ्यानं टाकलेल्या बाईचे. कोणाचं दुःख कितव्या ओळीत यावं हे मला न विचारता कळतं. आणि तुला लिहायला बसलो तर चार कागद फाडले. तुझी वहिनी सुभद्रा म्हणाली, "अर्ज नोका लिहू, भावाले पत्र लिहा."

माय बरी आहे, फक्त कान गेले. डावा पार गेला. उजव्याशी तोंड नेऊन ओरडलं तर अर्धं पोचतं, आणि ते अर्धं तिला आवडलं नाही तर तेही पोचत नाही. नळावरची भांडणं ऐकू येत नाहीत, म्हणून मोहल्ल्यात तिचं आता कोणाशी वाकडं उरलेलं नाही. तुझं नाव मात्र कोणाच्या ओठांवर आलं की तिला लगेच कळतं. मग म्हणते, "माह्या रुपानं नाही घेतलं." तेरा महिने एवढंच म्हणते आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेल्या बुधवारी उमरेडचे देवराव म्हणून निवृत्त मास्तर माझ्या टेबलाशी आले. पिशवीतून त्यांनी ऐकायचं मशीन काढलं, पांढरी प्लॅस्टिकची डबी, शर्टाच्या खिशात मावेल एवढी, कानात घालायच्या वायरसकट. वर छापलेलं, 'व्होकालक्स, डेन्मार्क'. दिल्लीच्या हिमगिरी ट्रेडर्सकडून व्ही.पी.नं मागवलेलं, आपल्यासारखंच. मास्तरांनी पोस्टमनला पैसे दिले आणि त्याच्यासमोरच ओसरीवर पार्सल फोडलं. कानाला लावलं तर नुसता भुंगा. मी त्यांना विचारून मागचे दोन स्क्रू काढले. आत तेच निघालं जे गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तू आम्हा सगळ्यांना दाखवलं होतंस, इथलेच दोन स्वस्त ट्रान्झिस्टर आणि गोंदानं चिकटवलेला डेन्मार्कचा कागद.

म्हणजे अस्सल मशीन दिल्लीहून कधी निघालंच नव्हतं. म्हणजे तू ते बदललं नव्हतंस.

गैरसमज झाला. राग मनात ठेवू नकोस. उलट टपाली लिही.

तुझा दादा,
मार्तंड

ता. क. मास्तरांकडून अर्जाचे पैसे घेतले नाहीत.


२० जानेवारी १९७४

चि. रुपा,

जयभीम. दोन महिने झाले, उत्तर नाही. मागचं पत्र मी सुभद्राला नंतर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गैरसमज झाला म्हन्ता, पाऊस आला म्हनल्यावानी. केला कोनं?" तिला उत्तर दिलं नाही. तुला देतो. मी केला.

पण मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही, हे तुला कळावं. आधी पोस्टात गेलो. तिथले बाबू म्हणाले, पार्सल सोडवलं, पैसे पोचते झाले, आमचं काम संपलं. तक्रार होती तर तेव्हाच यायचं. मग ठाण्यावर गेलो, कंपनीनं फसवलं म्हणून फिर्याद द्यायला. हवालदारानं जुनं रजिस्टर काढलं आणि बोट ठेवलं. म्हणाला, "तुमची एक फिर्याद हाय न अगोदरच. चोर तुमचा भाऊ. एका मशीनचे दोन चोर कसे लिहू मी?" मागचे दोघेजण हसले. मला परत यावं लागलं.

मग हिमगिरीला रजिस्टर नोटीस पाठवली. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. ज्यांचं नाव चोरलं त्या डेन्मार्कच्या कंपनीलाही कायद्यानं दावा लावता येतो, असं वकील मनोहरराव म्हणाले. त्या कंपनीला इंग्रजीत पत्र टाकलं आहे. पत्ता काय लिहिला माहीत आहे? नुसतं कंपनीचं नाव आणि डेन्मार्क. हसू नकोस.

शेवटी स्मॉल कॉज कोर्टात दावा लावला. मनोहरराव माझ्याकडून फी घेत नाहीत, वीस वर्षं त्यांचे अर्ज मी लिहितो आहे. देवराव मास्तरांनीही वेगळा दावा लावला. मला पैसे नकोत, रुपा. मला निकालात एक ओळ पाहिजे, की माल मुळातच बनावट होता. कोर्टाच्या शिक्क्यानिशी. ती ओळ मी ठाण्यावर नेऊन देईन, तुला काढून टाकणाऱ्या तुझ्या शेठला देईन, भिवापूरला मधुकरमामांना पाठवीन. तुझ्या नावावर मी जे लिहून ठेवलं ते खोडायला तेवढीच ओळ पुरेल.

मनोहरराव म्हणाले, हकीकत क्रमानं लिहून आणा. लिहिली. चुकलं असेल तिथे तू दुरुस्त कर.

वादीची आई जयवंता हिला ऐकू कमी येत असल्यानं वादीनं वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून सदर मशीन मागवलं. २८ ऑगस्ट १९७२ रोजी वादी कोर्टात असताना वादीचा धाकटा भाऊ रुपराव यानं पोस्टमनला एकशे पंच्याऐंशी रुपये देऊन पार्सल सोडवलं. ते त्या दिवशी उघडलं नाही. वादीच्या घरची रीत अशी, की नवी वस्तू अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवरून आल्यावर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायची आणि मगच वापरायची.

इथे मनोहररावांनी चष्मा काढला. "सात आठवडे पार्सल बंद ठेवलं तुम्ही? एवढ्या पैशाचं?" मी त्यांना काय सांगणार? छप्पन साली माय दीक्षा घेऊन आली आणि नवं लुगडं त्या दिवशी नेसली, तेव्हापासून आपल्या घरात नवा पाण्याचा पितळी गुंडसुद्धा दसऱ्याशिवाय चुलीवर चढलेला नाही. ती तुला म्हणाली होती, "इतके वर्स आयकलं, आता दोन महिने कमी आयकीन." तू पार्सल लोखंडी पेटीत ठेवलंस.

पुढचं तुला माहीत आहे, पण मनोहररावांना माहीत नव्हतं. दसऱ्याला मधुकरमामा मिरचीचं पोतं घेऊन आले होते, घर भरलेलं होतं. मी ब्लेडनं शिवण उसवली. मशीन फोटोपुढे ठेवलं, मग मायच्या कानाला लावलं. काय ऐकू येते विचारलं, तर म्हणाली भुंगा. तू स्क्रू काढून आत बघितलंस आणि म्हणालास, "दादा, हे डेन्मार्कचं नाही. वीस रुपयाचा माल हाय." तेव्हा मामा म्हणाले, "मेकॅनिक घरात, पार्सल सात हप्ते घरात, अन् चोर दिल्लीत?" सगळे हसले. मामांची ती सवयच आहे. तूही हसलास. मी हसलो नाही, कारण मला ते पटलं.

का पटलं ते विचारशील. हिमगिरीनं मला छापील कागदावर इंग्रजीत 'डिअर सर' लिहिलं होतं. मला जन्मात कोणी डिअर सर लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी फिर्याद दिली. पोलिसांनी तुला दुपारी नेलं, संध्याकाळी सोडलं, तेव्हा तुझा गाल सुजलेला होता. शेठनं दुकानातून काढलं. पाचव्या दिवशी तू पिशवी घेऊन गेलास. हे हकीकतीत घेतलेलं नाही. मनोहरराव म्हणाले, दाव्याशी त्याचा संबंध नाही.

तुझा दादा,
मार्तंड


११ मार्च १९७४

चि. रुपा,

जयभीम. हिमगिरीनं इथला एक वकील उभा केला. देवराव मास्तरांच्या दाव्यात त्यांना बोलायला काही नाही. माझ्या दाव्यात आहे.

त्यांनी माझंच पत्र दाखल केलं. ऑक्टोबर बहात्तरचं, इंग्रजी टाइप केलेलं, माझ्या टाइपरायटरवर, ज्याचा 'ई' वर उडतो. तुला माहीत नसेल. फिर्याद दिली त्याच आठवड्यात मी हिमगिरीला लिहिलं होतं, की आपला माल उत्तम असणार याबद्दल शंका नाही, घरातल्या इसमानं आतला भाग बदलला, तरी अस्सल भाग मिळण्याची तजवीज व्हावी. आणि सोबत फिर्यादीची नक्कल. कोणी मागितली नव्हती. त्या डिअर सरला वाईट वाटू नये म्हणून पाठवली.

आता त्यांचं म्हणणं एवढंच, की वादीनं स्वतःच लिहून दिलं आहे, माल घरात बदलला गेला. पुरावा कसला, तर फिर्यादीतलं वाक्य, 'पार्सलावरील लाखेची सीलं उकरून पुन्हा बसवल्याचं दिसून आलं.'

मनोहररावांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही पाहिलं होतं?"

मी म्हणालो, नीट आठवत नाही.

रुपा, मला नीट आठवतं. ब्लेड लावायच्या आधी मी पार्सल हातात फिरवलं होतं. वीस वर्षांची सवय आहे, सील मोजल्याशिवाय हात चालत नाही. सात होती. एकाला केसाएवढीही चीर नव्हती. मी सुभद्राला म्हणालोसुद्धा, बघ कसा पक्का कारभार आहे. नंतर लाखेचा चुरा तिनं झाडून टाकला.

मग लिहिलं का तसं? अर्ज उभा राहायला एक वाक्य लागतं म्हणून. नुसता संशय आहे म्हटलं तर ठाण्यावर कोणी कागद हातात घेत नाही. डोळ्यांनी पाहिलेली एक तरी गोष्ट लागते. भाडेकरूच्या अर्जात 'अर्वाच्य शिवीगाळ केली' लागतं, टाकलेल्या बाईच्या अर्जात 'अंगावरचे दागिने काढून घेतले' लागतं. बाईच्या अंगावर काळ्या मण्यांच्या पोतेशिवाय काही नसलं तरी मी ते घालतो. हात आपोआप लिहितो. त्या दिवशी हातानं सीलांचं वाक्य लिहिलं, आणि खाली सही करताना मला चांगलं माहीत होतं की ते खोटं आहे. मनात म्हटलं, मूळ गोष्ट खरी आहे ना, मग एवढं चालतं.

मूळ गोष्टही खरी नव्हती. हे सुभद्राला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

मार्तंड


२९ एप्रिल १९७४

चि. रुपा,

साक्षीची तारीख १४ मे. मनोहरराव म्हणतात, पार्सल ज्यानं पोस्टमनच्या हातून घेतलं तो माणूस उभा राहून सीलं शाबूत होती म्हणाला, तर अजून जीव आहे. तुझ्याशिवाय दुसरा कोणी ते सांगू शकत नाही. दुर्गहून सकाळच्या गाडीत बसलास तर दुपारी इथे. घरी यायचं नसेल तर परस्पर कोर्टात ये. मी टेबलाशी असेन. तिकिटाचे पैसे पाठवले असते, पण तू ते परत केले असतेस.

एकदाच ये, रुपा. एक तारीख. मग कधी बोलावणार नाही.

मायला सांगितलं आहे की तू येणार. ओरडून सांगितलं. आधी तिला वाटलं तुझं लग्न ठरलं.


२ जून १९७४

चि. रुपा,

जयभीम. रेल्वेचा संप सुटला, गाड्या चालू झाल्या म्हणून लिहितो. चौदा तारखेला मी कोर्टाच्या फाटकात उभा होतो. एकही गाडी नव्हती, तू येणार कसा? तरी उभा राहिलो. माणूस ट्रकनंही येतो असं एक मन म्हणत होतं. मनोहररावांनी संपाचं कारण देऊन तारीख वाढवून घेतली. पुढची २४ जून.

देवराव मास्तर दर तारखेला उमरेडहून एस.टी.नं येतात. ऐकू येत नाही म्हणून कंडक्टर शिव्या देतो ते त्यांना कळत नाही, हा एक फायदा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतो आणि विचार करतो, की हाच उद्योग मी लोकांना करू देत नाही. सायकलला दिवा नव्हता असा खटला झाला की मी सांगतो, कबूल करा, पाच रुपये भरा, मोकळे व्हा. खरं-खोटं करायला गेलात तर तारखाच खाऊन टाकतील. तुलाही एकदा तसंच सांगितलं होतं. दिवा होता तुझ्या सायकलला, चांगला जळत होता. तू म्हणालास, "पण दिवा होता न गा, दादा." मी म्हटलं, भर पाच रुपये. तू भरलेस.

२४ तारखेला ये.

दादा


१२ जुलै १९७४

चि. रुपा,

तू आला नाहीस. संप नव्हता, पाऊसही नव्हता. तुझा राग आहे, तो असावा. मी काही म्हणत नाही.

मग मीच उभा राहिलो. सीलं सात होती आणि शाबूत होती असं शपथेवर सांगितलं. त्यांच्या वकिलानं फिर्यादीची नक्कल माझ्या हातात दिली आणि म्हणाला वाचा. मी वाचली. खालची सही माझीच का विचारलं. माझीच. मग तो म्हणाला, "तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

मी म्हणालो, "तेव्हा."

जज्जसाहेबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रोज येता-जाता ते मला कडुनिंबाखाली बघतात. "सख्ख्या भावाविरुद्ध?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

दावा काल फेटाळला. निकालात माझ्याबद्दल तीन ओळी आहेत. सोयीप्रमाणे लेखी विधानं करणारा इसम, त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही, माल पाठवतानाच बनावट होता हे शाबीत झालं नाही. साहेबांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मीही तेच लिहिलं असतं. आवारात ते लगेच पसरलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं, मार्तंडराव, आता अर्ज खरे लिहिणार का? हसलो.

देवराव मास्तरांचा दावा मात्र मंजूर झाला. बनावट माल देऊन फसवणूक केली, रक्कम परत द्यावी. मास्तरांनी हुकूमनामा दोन वेळा वाचला आणि विचारलं, आता पैसे कोण आणून देतं? मनोहररावांनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, की आता हा दिल्लीला पाठवून बजावणी करावी लागेल. मनोहररावांचा एक मित्र दिल्लीत आहे, त्यानं पत्त्यावर जाऊन बघितलं. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. हिमगिरी ट्रेडर्स कुठे गेले कोणाला माहीत नाही. मास्तरांनी हुकूमनामा पिशवीत मशीनशेजारी ठेवला आणि एस.टी. गाठायला निघून गेले. डेन्मार्कहूनही काही आलं नाही.

मास्तरांच्या निकालाची नक्कल मी काढली. तीच ओळ आहे त्यात, शिक्क्यानिशी. माझ्या नावानं नसली तरी माल तोच, दिल्ली तीच. एक नक्कल सोबत जोडतो, एक शेठला दिली. त्यानं न वाचता गल्ल्याखाली ठेवली आणि म्हणाला, जुनी गोष्ट आहे. मामांना पाठवली. एक घरी ठेवली आहे. मायला दाखवायची गरज वाटली नाही. अख्ख्या नागपुरात तिला एकटीलाच कोणत्या कागदाची गरज नव्हती.

दादा


२० ऑगस्ट १९७४

रुपा,

गेल्या आठवड्यात सोमवारी दुपारी पोस्टमन आला. मी कोर्टात होतो. मनीऑर्डर मायच्या नावानं, एकशे पंच्याऐंशी रुपये. पोस्टमननं तिला बोटानं दुर्गचा शिक्का दाखवला, मग कानाशी ओरडून सांगितलं की रुपरावनं मशीनचे पैसे पाठवले. मायनं अंगठा दिला, साक्षीला सुभद्रानं सही केली. सुभद्रा मला म्हणाली, "मी काय करू? तिच्या नावानं होते. तिनं हात पुढं केला."

कूपन माझ्यापुढे आहे. 'मशीनचे पैसे परत करत आहे. दादाला सांगा, आता पत्र नको.' अक्षर तुझंच.

मी समजलो. दिवा होता, तरी पाच रुपये भरलेस. नऊ महिने मी तुला पत्रं लिहिली नाहीत, तारखा दिल्या. ये, सांग, उभा राहा. गुन्हा मी केला आणि शाबीत करायचं काम तुझ्याकडे दिलं. शेवटी तू कंटाळलास आणि भरून मोकळा झालास. माझाच सल्ला आहे, मी कोणत्या तोंडानं रागावू?

पण रुपा, मायला हे सायकलचं माहीत नाही.

मी संध्याकाळी आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, पैसे पदरात बांधलेले. माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं. म्हणाली, "घेतलं होतं त त्यानं मंग."

मी तिच्या उजव्या कानाशी बसलो आणि ओरडलो, "नाही घेतलं त्यानं, माय. कंपनी चोर होती. मी खोटं लिहिलं होतं." पुन्हा ओरडलो. मास्तरांच्या निकालाची नक्कल आणून तिच्या हातात दिली. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि कागद मला परत दिला. मी आणखी ओरडलो. समोरच्या भीमाबाई दारात आल्या, नळावरच्या बायका घागरी ठेवून उभ्या राहिल्या. सगळ्या मोहल्ल्यानं ऐकलं की रुपरावनं चोरी केली नाही आणि त्याच्या दादानं खोटी फिर्याद दिली. मायनं माझ्या गालावर हात ठेवला. "तू मोठा हायस," ती म्हणाली. "तू झाकशीनच."

मग म्हणाली, "लेकरू हाय. माफ केलं मी त्याले."

आता तिचं मन हलकं झालं आहे. दोन घास जास्त जेवते. कोणी तुझं नाव काढलं तर पूर्वीचं ते वाक्य म्हणत नाही. परवा भीमाबाईंना सांगत होती, घेतलं होतं पोरानं, पण पैसे पाठवले, इमानदार हाय. भीमाबाईंनी खरं काय ते ऐकलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. पैसे मायनं लोखंडी पेटीत ठेवले आहेत, पार्सल ठेवलं होतं त्याच कोपऱ्यात. दसऱ्याला फोटोपुढे ठेवणार म्हणते.

पोचपावती तुला मिळाली असेल. तिच्यावरचा अंगठा तिचा आहे. मी घरी असतो तर तो लावू दिला नसता, पण मी कडुनिंबाखाली दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज लिहीत होतो.

पत्र नको म्हणालास, म्हणून हे शेवटचं. यात तारीख दिलेली नाही. काही मागत नाही. जे पहिल्या दिवशी ठाण्यावर लिहायला हवं होतं तेवढं इथे लिहितो, आणि तू ते फाडलंस तरी चालेल.

मी खाली सही करणार, मार्तंड, राहणार इंदोरा, धंदा अर्जनवीस, लिहून देतो की २८ ऑगस्ट १९७२ रोजी आलेलं पार्सल मी १७ ऑक्टोबर रोजी स्वतःच्या हातांनी उघडलं. त्यावर लाखेची सात सीलं होती. मी मोजली होती. सातही शाबूत होती.

मार्तंड